रणगाडे मोजण्याआधी: पोलंडच्या दहाव्या घोडदळ ब्रिगेडचा हिशेब

1939 च्या सप्टेंबरबद्दल मराठीत काहीही वाचायला घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात पोलिश स्वार भाले रोखून जर्मन रणगाड्यांवर तुटून पडलेले दिसतातच. ही गोष्ट खोटी आहे. 1 सप्टेंबरला क्रोयान्ती गावाजवळ 18व्या उलान, म्हणजे भालाईत घोडदळाच्या, रेजिमेंटच्या स्वारांनी उघड्यावर विसावलेल्या जर्मन पायदळावर हल्ला चढवला. पायदळ पांगलं. मग झाडीच्या आडून आलेल्या चिलखती गाड्यांच्या मशीनगननी स्वारांना झोडपलं आणि कर्नल मास्तालेश तिथेच पडले. नंतर इटालियन वार्ताहरांना ते मैदान दाखवलं गेलं, तेव्हा तिथे मेलेले घोडे होते आणि जवळपास रणगाडे उभे होते. एवढ्या भांडवलावर दंतकथा उभी राहिली. नाझी प्रचारयंत्रणेला ती हवीच होती आणि युद्धानंतरच्या कम्युनिस्ट राजवटीलाही सोयीची होती, कारण त्यातून जुन्या सत्ताधाऱ्यांचा मूर्खपणा आयता सिद्ध होत होता.

दंतकथेपेक्षा तिच्यातून काढला जाणारा निष्कर्ष मला जास्त खटकतो. "घोड्यांचा मोह सोडून वेळेवर रणगाडे घेतले असते तर पोलंड वाचला असता", असं म्हणून लोक मोकळे होतात. पण पोलंडने घोडे सोडून पाहिले होते. एक घोडदळ ब्रिगेड पूर्णपणे मोटारींवर चढवली गेली, ती दोन वर्षं तयार झाली आणि युद्धात उतरली. तिचं काय झालं हे तपशिलात पाहिलं, तर सैन्याच्या आधुनिकीकरणावर बोलताना आपण जे आकडे तोंडावर फेकतो ते बहुतेक बिनकामाचे आहेत, हे लक्षात येतं.

आधी पैशाची बाजू. तीसच्या दशकातल्या पोलंडमध्ये हजार माणसांमागे जेमतेम एक मोटार होती. 1931 साली रस्ते-निधीसाठी मोटारींवर असा कर लादला गेला की पुढची काही वर्षं गाड्यांची संख्या वाढायच्या ऐवजी घटली. मोटारी नसल्या की गॅरेजं नसतात, सुटे भाग नसतात, आणि मुख्य म्हणजे भरतीला येणाऱ्या पोरांना क्लच म्हणजे काय ते माहीत नसतं. जर्मन भरती केंद्रावर येणारा तरुण निदान मोटरसायकल हाताळलेला असायचा, पोलिश तरुण बैलगाडी आणि घोडागाडी हाताळलेला. सैन्यासाठीच्या बहुतेक गाड्या सरकारी अभियांत्रिकी कारखान्यांत फियाटच्या परवान्यावर बनत: अडीच टनी 621 ट्रक, लहान 508 वरून केलेली 'वाझिक' ही उघडी जीप-छाप गाडी, आणि त्यांच्या जोडीला 1000 सीसीची 'सोकुव' मोटरसायकल, साइडकारसह. घोडदळाच्या एकूण 40 रेजिमेंट होत्या. त्यांतल्या फक्त तीन मोटारींवर गेल्या. 1942 पर्यंत अशा चार मोठ्या तुकड्या उभारायची योजना होती, युद्ध त्याआधी आलं.

पहिली तुकडी म्हणजे 10वी घोडदळ ब्रिगेड. 1937 मध्ये तिच्या मोटारीकरणाला सुरुवात झाली. वान्त्सुतची 10वी अश्वारोही रायफल रेजिमेंट आणि क्रास्निकची 24वी उलान रेजिमेंट या तिच्या दोन मुख्य रेजिमेंट. सोबत रणगाडाविरोधी तोफांचं पथक, टेहळणी पथक, मोटारींवरचा छोटा तोफखाना, 40 मिलिमीटरच्या विमानविरोधी तोफांची बॅटरी आणि सॅपर, म्हणजे पूल बांधणाऱ्या-उडवणाऱ्या आणि सुरुंग पेरणाऱ्या सैनिकांची, 90वी बटालियन. अंगात काळे चामडी कोट आणि डोक्यावर पहिल्या महायुद्धातली जुनी जर्मन लोखंडी टोपी. त्या कोटांवरूनच 'काळी ब्रिगेड' हे नाव पडलं.

आता रणगाडे. विकर्स-ई जातीच्या हलक्या रणगाड्यांची एक कंपनी, म्हणजे सोळाएक. चिलखत जास्तीत जास्त 13 मिलिमीटर. त्याचं हवेने थंड होणारं इंजिन मुळात इतकं तापायचं की पोलंडने मागच्या बाजूला हवा ओढणारी मोठी खोकी बसवून घेतली, तरी डोंगरचढावर ड्रायव्हरचा जीव टांगणीलाच. बाकी टीके जातीचे टँकेट, म्हणजे चिमुकले रणगाडे. दोन माणसं, अडीच टनांच्या आत वजन, आणि बहुतेकांवर एकच मशीनगन. फिरता बुरूज नाही. म्हणजे डावीकडे मारा करायचा तर अख्खी गाडी डावीकडे वळवा. समोर आलेल्या जर्मन 2ऱ्या पँझर (म्हणजे रणगाडा) डिव्हिजनकडे तीनशेच्या आसपास रणगाडे होते, शिवाय बाजूला 4थी लाइट डिव्हिजन आणि डोंगरी पायदळ. नुसती गाड्यांची मोजदाद केली तर लढाई सुरू होण्याआधीच संपली.

ती संपली नाही. त्याचं कारण शोधायचं तर ब्रिगेडच्या कमांडरकडे पाहावं लागतं. ऑक्टोबर 1938 मध्ये सूत्रं हाती घेतलेले कर्नल स्तानिस्वाव माचेक घोडदळातले नव्हतेच. ते पायदळातले. ऑस्ट्रियन सैन्यात डोंगरी लढाई शिकलेले. 1919 मध्ये त्यांनी एक 'उडती कंपनी' उभी केली होती: पायदळाचे सैनिक घोडागाड्यांत बसवायचे, झपाट्याने न्यायचे, आणि उतरवून पायी लढवायचे. वीस वर्षांनी घोडागाडीच्या जागी फियाट ट्रक आला, कल्पना तीच राहिली. इंजिन हे पोचण्यासाठी आहे, लढायचं जमिनीवर उतरून.

घोडदळाच्या तुलनेत यात नेमकं काय मिळालं ते नीट बघण्यासारखं आहे. स्वार पायउतार झाला की घोडे धरायला माणूस लागतो. सर्वसाधारणपणे चारांमागे एक, कधी तिघांमागे एक. म्हणजे गोळीबाराच्या रांगेतून पाव ते एक-तृतीयांश बंदुका आपसूक वजा. मोटारी तुकडीत ड्रायव्हर तेवढा मागे राहतो. घोड्याला रोज चार-पाच किलो चंदी, तेवढाच चारा आणि तीस-चाळीस लिटर पाणी लागतं, लढाई असो वा नसो. उभी गाडी काही खात नाही. घोड्यावर दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर झाले की दुसऱ्या दिवशी जनावर ढेपाळतं. ट्रक तेवढं अंतर दोन-अडीच तासांत कापतो आणि माणसं ताजी उतरतात.

पण उलटी बाजूही आहे आणि कौतुकाच्या लेखांत ती कधी येत नाही. समजा सहाशे गाड्यांचा ताफा आहे आणि विमानांच्या भीतीने दोन गाड्यांत पन्नास मीटर अंतर ठेवलं. ताफा 30 किलोमीटर लांब झाला. ताशी वीस किलोमीटर वेगाने तो एका नाक्यावरून जायला दीड तास लागतो. मध्ये एखाद्या ट्रकचा ॲक्सल तुटला, रस्ता डोंगरातला, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला ओढा, की मागचं सगळं जाग्यावर खिळलं. घोडा शेतातून निघून जातो, अडीच टनी ट्रक पावसाळलेल्या शेतात रुततो. म्हणून अशा तुकडीचं खरं प्रशिक्षण नेमबाजीचं नसतं. दिवे बंद करून रात्री गाडी हाकणं, पुढच्याच्या मागच्या पांढऱ्या खुणेवर नजर ठेवणं, बंद पडलेली गाडी दहा मिनिटांत बाजूला ढकलणं, कोणती तुकडी कोणत्या चौकातून किती वाजता जाणार याचा तक्ता पाळणं, आणि पहाटे गाड्या झाडाखाली घेऊन फांद्यांनी झाकणं, हे ते प्रशिक्षण. यातलं काहीच कवायतीच्या मैदानावर टाळ्या मिळवत नाही. दहाव्या ब्रिगेडला ते शिकायला दोन वर्षं मिळाली, शिवाय ऑक्टोबर 1938 मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या झाओल्झे भागात प्रत्यक्ष ताफा हलवण्याची एक तालीमही मिळाली. शेजाऱ्याचा तो प्रदेश त्या वेळी बळकावणं शोभणारं नव्हतं, पण हा वेगळा विषय.

1 सप्टेंबरला जनरल शिलिंग यांच्या 'क्राकुव' सैन्याची राखीव म्हणून थांबलेली ब्रिगेड दक्षिणेकडे योर्दानुवला धाडण्यात आली. स्लोव्हाक सरहद्दीवरून बेस्किड डोंगरांतून येणारी जर्मन फळी क्राकुवच्या सैन्याची पाठ कापणार होती. 2 सप्टेंबरला विसोका गावाच्या उंचवट्यावर कर्नल द्वोराक यांच्या 24व्या उलान रेजिमेंटने 2ऱ्या पँझर डिव्हिजनला दिवसभर अडवलं. काम केलं ते 37 मिलिमीटरच्या बोफोर्स तोफांनी. चारशे किलोच्या आतली ही बुटकी तोफ चार-पाच माणसं हाताने ढकलत नेऊ शकत. समोर होते मुख्यतः पँझर 1 आणि 2 जातीचे हलके रणगाडे, चिलखत 13 ते 15 मिलिमीटर. बोफोर्सचा गोळा ते कोणत्याही व्यवहार्य अंतरावरून फोडायचा. त्याशिवाय 7.92 मिलिमीटरची रणगाडाविरोधी रायफल होती, गोळीचा वेग सेकंदाला 1200 मीटरच्या वर, तीनशे मीटरवरून 15 मिलिमीटर पत्रा भेदणारी. तिच्याभोवती इतकी गुप्तता पाळली गेली होती की सैन्यातल्या अनेकांच्या हातात ती युद्धाच्या तोंडावरच पहिल्यांदा आली. ज्या हत्यारावर सराव नाही ते हत्यार गुप्त ठेवून काय साधतं, असा प्रश्न तेव्हाच्या सेना मुख्यालयाला विचारायला हवा होता.

विसोका दुसऱ्या दिवशी सोडावं लागलं, आणि माचेकांची खरी करामत तिथून पुढे सुरू होते. याला कुणी गनिमी कावा म्हणू नये. गनिमी काव्यात जागा सोडून देता येते, इथे प्रत्येक जागा ठरावीक वेळ धरायची असते. रीत साधारण अशी. दुपारीच सॅपर आणि टेहळणीवाले मागे जाऊन अडवण्याची पुढची जागा बघून येतात: घाटाचं तोंड, पूल, रस्त्याचं वळण. संध्याकाळी सर्वांत आधी रणगाडाविरोधी तोफा तिकडे निघतात, कारण पहाटे शत्रू आला तेव्हा त्या खंदकात बसवलेल्या असायलाच हव्यात. अंधार पडताना दोन-चार रणगाडे किंवा टँकेट पुढे घालून छोटा प्रतिहल्ला होतो. उद्देश जागा जिंकण्याचा नसतो. शत्रूने रात्रीपुरतं थबकावं एवढाच असतो. मग मुख्य ताफा निघतो, मागे मोटरसायकलवाले आणि सॅपर राहतात, शेवटची गाडी गेली की पूल उडतो, रस्त्यावर सुरुंग आणि आडवी झाडं. सकाळी शत्रूला पुन्हा पहिल्यापासून तैनात व्हावं लागतं. कासिना वेल्का, दोब्चित्से, विश्निच अशी गावं एकामागून एक येत गेली. योर्दानुवहून दोब्चित्सेपर्यंत, म्हणजे नकाशावर तीस-पस्तीस किलोमीटर सरकायला जर्मन मोटारी सैन्याला चार-पाच दिवस लागले. त्या वेळात 'क्राकुव' सैन्याचा सापळ्यातून निसटण्याचा मार्ग उघडा राहिला.

इथे एक कबूल करायला हवं. डोंगर ब्रिगेडच्या बाजूने होते. बेस्किडमध्ये तीनशे रणगाड्यांना एकाच रस्त्यावर एकामागून एक यावं लागतं, म्हणजे लढताना पुढचे दहाच उपयोगी. झेशुव आणि वान्त्सुतकडच्या सखल प्रदेशात उतरल्यावर ही रीत तितकी चालली नाही. शत्रू बाजूने वळसा घालू लागला. आणि नेमकं तेव्हाच ब्रिगेडच्या पाठीमागचा संसार विस्कटला. 6-7 सप्टेंबरच्या रात्री सर्वोच्च मुख्यालय वॉर्सा सोडून पूर्वेकडच्या ब्रेस्तला हललं, आणि दळणवळणाची जी काही व्यवस्था होती ती तुटली. इंधन कुठल्या डेपोत आहे हे सांगणारं कुणी उरलं नाही. विकर्स रणगाड्यांची कंपनी मागे पडून ब्रिगेडपासून तुटली. पोलंडकडे तेल नव्हतं असं नाही. बोरिस्वाव आणि द्रोहोबिचच्या विहिरी ब्रिगेड ज्या दिशेने माघार घेत होती त्याच बाजूला होत्या. पण जमिनीखालचं तेल आणि घाटात उभ्या ट्रकच्या टाकीतलं पेट्रोल यांच्यात शुद्धीकरण कारखाना, रेल्वे, डेपो, पिंपं, ती वाहणाऱ्या गाड्या आणि एक चालू टेलिफोन लागतो. साखळीतली एक कडी गेली की बाकीच्यांचा उपयोग शून्य. शिवाय निर्वासितांनी खच्चून भरलेले रस्ते. घोडागाड्या, गाई, हातगाड्या यांच्या मागे अडकलेला मोटारी ताफा हा घोड्यावरच्या ताफ्यापेक्षा हळू असतो, आणि पहिल्या गिअरमध्ये रांगताना पेट्रोल मात्र दुप्पट खातो.

तरीही सप्टेंबरच्या मध्यावर ब्रिगेड ल्वुवच्या (आजच्या युक्रेनमधल्या ल्विव्हच्या) उत्तरेला झ्बोइस्का गावाशी उभी होती आणि जर्मन 1ल्या डोंगरी डिव्हिजनकडून उंचवटे परत घेत होती. 17 सप्टेंबरला सोव्हिएत सैन्य पूर्वेकडून आत आलं. हुकूम आला, लढाई सोडून दक्षिणेला जा. माचेक स्वतः ल्वुवजवळचे, त्यांच्या माणसांना शहर सोडणं जड गेलं. 19 सप्टेंबरला ब्रिगेडने तातारांच्या खिंडीतून हंगेरीची हद्द ओलांडली. सुमारे शंभर अधिकारी आणि दोन हजार सैनिक. गाड्या, तोफा हंगेरीच्या ताब्यात गेल्या. खुल्या मैदानात पराभूत न होता, तुकडी म्हणून शाबूत राहून बाहेर पडलेली अशी उदाहरणं त्या मोहिमेत विरळाच.

आता या ब्रिगेडशेजारी दुसरी ठेवा. वॉर्सा चिलखती-मोटारी ब्रिगेड कर्नल स्तेफान रोवेत्स्की यांच्या हाताखाली होती. हेच रोवेत्स्की पुढे भूमिगत 'देशांतर्गत सैन्या'चे प्रमुख झाले. अधिकारी म्हणून माचेकांहून ते तसूभरही कमी नव्हते. त्यांच्याही गाड्या त्याच कारखान्यांतल्या होत्या, तोफा त्याच बोफोर्स. फरक एवढाच की ही ब्रिगेड 1939 च्या उन्हाळ्यात जुळवायला घेतली गेली. विस्तुला नदीवर तिने बरं काम केलं, तोमाशुव लुबेल्स्कीला जिवाच्या आकांताने हल्ले केले, आणि 20 सप्टेंबरला शरण येणाऱ्या सैन्याबरोबर तिचा शेवट झाला. मी हे सगळं प्रशिक्षणाच्याच माथी मारणार नाही, भूगोल आणि नशीबही होतं. पण दोन महिने विरुद्ध दोन वर्षं हा फरक कुठल्याही शस्त्रांच्या तक्त्यात दिसत नाही, आणि म्हणूनच तो चर्चेतून गळतो.

फ्रान्समध्ये काय घडलं ते माझ्या म्हणण्याचा सर्वांत कडक पुरावा आहे. ब्रिगेड तिथे नव्याने उभी राहिली. मे 1940 पर्यंत फ्रेंचांनी साहित्य द्यायला टाळाटाळ केली, आणि आघाडी कोसळल्यावर घाईघाईने रेनॉ आर-35 आणि आर-40 रणगाडे हातात दिले. अनोळखी यंत्रं आणि सरावाला उसंत नाही. ब्रिगेडचा जेमतेम एक भाग शांपेनच्या आघाडीवर पोचला, 16-17 जूनच्या रात्री मोंबार इथे कालव्यावर लढला, आणि 18 तारखेला इंधन व दारूगोळा संपल्यावर स्वतःच्या हातांनी रणगाडे नष्ट करून माणसं छोट्या गटांत पांगली. माचेक वेशांतर करून मोरोक्को-पोर्तुगालमार्गे सप्टेंबरमध्ये ब्रिटनला पोचले. दहा महिन्यांत दोनदा संपूर्ण यंत्रसामग्री शून्य.

तिसऱ्यांदा स्कॉटलंडमध्ये वेळ मिळाला. फेब्रुवारी 1942 मध्ये 1ली पोलिश चिलखती डिव्हिजन स्थापन झाली ती जुन्या ब्रिगेडच्या माणसांभोवतीच. 1937-38 मध्ये घोडे सोडणाऱ्या त्याच दोन रेजिमेंट, 10वी आता क्रॉमवेल रणगाड्यांवर आणि 24वी उलान शर्मनवर, ऑगस्ट 1944 मध्ये नॉर्मंडीच्या लढाईत उतरल्या. फालेझजवळ वेढल्या गेलेल्या जर्मन सैन्याच्या कोंडीचं तोंड बंद करताना शांबुआ आणि 262 नंबरच्या टेकडीवर डिव्हिजनने 19 ते 21 ऑगस्ट जो मार सोसला, त्यात बाहेर पडू पाहणारे जर्मन एका बाजूने आणि त्यांना सोडवायला परत फिरलेले दुसऱ्या बाजूने येत होते. पुढे ऑक्टोबरअखेर नेदरलँड्समधलं ब्रेडा शहर त्यांनी अशा पद्धतीने घेतलं की शहराची पडझड जवळपास झालीच नाही. शर्मन अमेरिकेच्या कारखान्यांतून पाहिजे तितके येत होते. ताफ्याचा तक्ता पाळणारे, रेडिओवर दोन वाक्यांत हुकूम देणारे, रात्री गाडी हाकणारे पोलिश सार्जंट मात्र कुठल्याच कारखान्यातून येत नव्हते. त्यातले अनेक जण विसोकापासून चालत आले होते.

याच काळात आपल्याकडेही घोडदळ घोड्यांवरून उतरत होतं. 1938 मध्ये सिंध हॉर्स आणि 13वी लान्सर्स या भारतीय सैन्याच्या पहिल्या रेजिमेंट मोटारींवर गेल्या, पूना हॉर्सचा नंबर नंतर लागला. अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय पाहणारे गाड्यांसमोर फोटो काढतात, साहजिक आहे. शेजारीच असलेल्या चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्राचा मात्र कुणी फोटो काढत नाही.

आजच्या पोलंडमध्ये 10वी चिलखती घोडदळ ब्रिगेड श्फियेन्तोशुव इथे माचेकांच्या नावाने उभी आहे आणि 2002 पासून लेपर्ड-2 रणगाडे वापरते. युक्रेन युद्ध सुरू झाल्यापासून देश झपाट्याने शस्त्रं घेतोय: एप्रिल 2022 मध्ये अमेरिकेकडून 250 अब्राम्स रणगाडे, त्याच वर्षी दक्षिण कोरियाकडून 180 के-2 रणगाडे. इथल्या आणि तिथल्या वर्तमानपत्रांत हेच दोन आकडे मथळ्यात आले, आणि टीकाकारही त्यावरच भांडले: जास्त की कमी, महाग की स्वस्त. माझं मत, अब्राम्सच्या त्या करारातले वाचण्यासारखे आकडे खालच्या ओळींत होते. 26 रिकव्हरी गाड्या, म्हणजे बंद पडलेला रणगाडा ओढून नेणाऱ्या, दर दहा रणगाड्यांमागे साधारण एक. आणि पूल टाकणाऱ्या 17 गाड्या. साठ टनांहून जड यंत्र पूर्व पोलंडच्या नद्या-ओढ्यांच्या मुलखात न्यायचं, तर ते पोचेल की नाही हे या 17 वर ठरणार आहे. त्या किती माणसं चालवू शकतील, त्यांच्या कार्यशाळा कुठे असतील, दारूगोळ्याचे आणि डिझेलचे डेपो एकाच टेलिफोनवर अवलंबून असतील का, हे प्रश्न संसदेत आणि संपादकीयांत विचारायला कुणाला वेळ झाला नाही. 2022 च्या त्या कराराच्या बातमीत मी आधी हेच शोधलं.